गच्चीचा कठडा कोणी बांधावा?

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका म्हटला की कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या डोळ्यांपुढे येतात. कामानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील काही मुली आता ब्यूटी पार्लरमध्ये नोकरी करतात. अशाच एका भगिनीला तिसरा महिना होता. तिने आम्हांस विचारले, “भाऊ, केस सरळ करायच्या औषधाचा वास डोळ्यांना झोंबतो. बाळाला अपाय होईल का? मालकीणबाईंना सांगितलं तर म्हणतील, घरी बस.”

अशी कित्येक औषधे तापविली की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो कर्करोगकारक ठरविला. काही नेलपॉलिशांतील टोल्युइन श्वासावाटे फार प्रमाणात गेल्यास गर्भाला बाधते. केशकाम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपात व कमी वजनाची मुले यांचे प्रमाण काही पाहण्यांत थोडे जास्त आढळले, काहींत आढळले नाही. तेव्हा घाबरून जाऊ नये, पण डोळेझाकही करू नये.

मग “तुझ्या भल्यासाठीच” म्हणून तिला कामावरून काढावे काय? आमच्या मते ती दया नव्हे. धोका दुकानातला आणि भुर्दंड मात्र तिच्या पगाराला! १९६१ च्या प्रसूती कायद्यातील रजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली. परंतु दहापेक्षा कमी नोकरांच्या दुकानांना तो कायदा लागू नव्हता. हे पार्लर तर तीन मुलींचे. कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथेच विवेकाची कसोटी लागते.

अनुवादाच्या २२ व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा अशी आज्ञा आहे. वर येणाऱ्याने येऊच नये, असे तेथे म्हटलेले नाही. ज्याचे घर, त्याची जबाबदारी. पार्लरचा कठडा म्हणजे उघडी खिडकी, हवा बाहेर फेकणारा पंखा, हातमोजे, बाटल्यांना झाकणे. आणि त्या महिन्यांत पगार तोच ठेवून थ्रेडिंगचे किंवा गल्ल्यावरचे काम.

आणि आपण गिऱ्हाइके? लग्नसराईत दोन पैसे कमी करा म्हणून घासाघीस करताना त्या पंख्याचे पैसे कोठून यावेत, हे आपण मनात आणतो काय?

त्या भगिनीस आम्ही बाटलीवरील नावे लिहून घेऊन डॉक्टरांना दाखविण्यास सांगितले. मालकीणबाईंकडे तिच्याबरोबर आमच्या मंडळीतील दोघी वडीलधाऱ्या बहिणी गेल्या. नोकरी राहिली, खिडकी उघडली. पंखा अजून बसावयाचा आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारी मुलांना एवढेच विचारावे: आपल्या घरची कठडा नसलेली गच्ची कोणती?