तीच जीप

जीप बाळगणाऱ्या माणसाला ‘गाडी कशी आहे?’ असं सहज म्हणून विचारू नये. स्कूटरवाला ‘बरी आहे’ म्हणतो, मोटारवाला ‘ॲव्हरेज चांगलं देते’ म्हणतो आणि विषय संपतो. जीपवाला मात्र तुम्हाला आधी खाली वाकायला सांगतो. मग स्वतः वाकतो. पाच मिनिटांनी दोघंही गाडीखाली उताणे असता आणि तुमच्या परीटघडीच्या शर्टावर नव्वद नंबरचं गिअर ऑइल टपकत असतं. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. जीपमधून तेल गळायचं थांबलं की ते दुरुस्त झालं असं नव्हे, तेल संपलं असं समजावं, हे जीपवाल्यांचं जुनं शास्त्र आहे.

हे शास्त्र मला आमच्या दाजींनी शिकवलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान, मुक्काम कराड. त्यांची जीप महिंद्राची, 1968 सालची, उंच बॉनेटची. जाणकार तिला सीजे थ्री-बी म्हणतात. अमेरिकेत 1953 साली विलिज कंपनीने जीपला नवं इंजिन द्यायचं ठरवलं. ते अंगाने उंच निघालं, जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा इंजिन न दाबता त्यांनी बॉनेटच वर उचललं. पोट सुटल्यावर आपण शर्टाचं माप बदलतो, त्यातलाच प्रकार! पण गाडीला त्या बेढबपणाचाही रुबाब आला. आपल्याकडे महिंद्राने हे रूप पुढे वर्षानुवर्षं बनवलं. धरणावरचा इंजिनिअर, तालुक्याचा फौजदार आणि निवडणुकीचा उमेदवार हे तिघेही खेड्यात अवतरायचे ते बहुधा जीपमधूनच, आणि गावकरी तिघांनाही सारखेच घाबरायचे.

दाजींनी ही जीप 1979 साली लिलावात घेतली आणि त्याच दिवशी एक वही घातली. वाण्याकडे असते तशी, लांबट, लाल कापडी बांधणीची. जीपला काय केलं, कधी केलं, किती पैसे पडले, सगळं तिच्यात. 1981: पुढचे पाटे. 1984: रेडिएटर. 1987 साली पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, आर. सी. बुकात रीतसर नोंद करून. कारण पिण्याच्या बाबतीत त्या इंजिनाने गावातल्या नामांकित मंडळींना मागे टाकलं होतं. 1993 साली बॉडीचा सगळा पत्रा. पाटणच्या वरच्या अंगाचा पाऊस लोखंडाला लोखंड म्हणून ओळखत नाही. मग गिअरबॉक्स, स्टिअरिंग, दोन्ही ॲक्सल. हौसही होती. रुंद टायर आले, पुढे हत्तीच्या सुळ्यांसारखा बंपर आला. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमावर बोट ठेवून, कारखान्याने सांगितलं त्याहून निराळं रूप गाडीला देता येणार नाही असं बजावलं, तेव्हा दाजींनी टायर आणि बंपर दोन्ही उतरवले. वहीत नोंद आहे: ‘सुळे काढले. वाईट वाटले.’

या जीपने काय केलं हे मात्र वहीत नाही, ते ताईकडे आहे. 1982च्या श्रावणात, भर रात्री, फरशीवरून पाणी वाहत असताना दाजींनी ताईला बाळंतपणासाठी हिच्यातूनच कराडला आणलं. छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांनाही जोर दिला आणि चिखल तुडवीत जीप पलीकडे निघाली. सीटची एक स्प्रिंग त्या रात्री कुठे टोचत होती, तेही ताईला आठवतं. नातवंडांना सांगताना ती बॉनेटवर हात ठेवते आणि म्हणते, “तीच ही जीप!”

आता आली का पंचाईत! ती स्प्रिंग नाही, ती सीट नाही, ते इंजिन नाही. पाणी कापणारी चाकं नाहीत, छोटा दांडासुद्धा त्यानंतरचा. मग तीच म्हणजे कोणती?

हा प्रश्न नवा नाही. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला, म्हणजे ग्रीक मिनँडरला, असंच कोंडीत पकडल्याचं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. राजा म्हणाला, मी रथातून आलो. भिक्षूने विचारलं, दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी रथ हे नुसतं सोयीचं नाव आहे, इथवर आला. मी ही कथा दाजींना रंगवून सांगितली. ते क्रॉसला ग्रीस मारत होते. म्हणाले, “राजाने त्या रथाला स्वतः वंगण कधी घातलं नसणार.”

ग्रीकांचीही एक गोष्ट आहे. थीसियसचं जहाज अथेन्सवाल्यांनी जपून ठेवलं, कुजली फळी की नवी घाल, असं करत. आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय झाला. सतराव्या शतकात इंग्लंडच्या हॉब्जने त्यात काडी घातली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवून त्यांचंच जहाज बांधलं, तर खरं कोणतं? हॉब्जने हे मनात बांधलं. आमच्या मेस्त्रींनी प्रत्यक्ष बांधलं आहे. दाजींच्या जीपचा उतरलेला पत्रा, सीटा, बॉनेट, सगळं जोडून त्यांनी गॅरेजमागे दगडांवर एक जीप उभी केली आहे. तिच्यात कोंबड्या राहतात. कोंबड्यांना अद्याप शंका आलेली नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग गेल्या पावसाळ्यानंतर चासी तडकली.

चासी हा एकच मोठा भाग 1968चा उरला होता. त्याच सुमारास पुण्याचे एक गृहस्थ जीप मागत होते. देत होते ती रक्कम मोठी होती, आणि ताईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. रक्कम आणि गुडघे यांचा हिशेब जवळजवळ जुळत होता. फक्त त्यांना चासी धड हवी होती आणि नंबर बुकाशी जुळणारा.

मेस्त्री म्हणाले, “साहेब, भंगारात याच जातीची एक चासी पडलीय. तिचा नंबर घासू आणि आपला ठोकू. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

दाजी गप्प. मेस्त्रींनी नागसेनाला न वाचता नागसेनाचाच मुद्दा काढला. “इंजिन बदललं, पत्रा बदलला, तेव्हा गाडी तीच राहिली. मग एकट्या चासीनं काय घोडं मारलंय?”

खरं सांगतो, मला उत्तर सुचेना. दोन दिवस मी पुस्तकं चाळली आणि दाजींनी वही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, “मी वहीत काय लिहू?”

सगळा तिढा त्यांनी चार शब्दांत माझ्यापुढे ठेवला. सत्तेचाळीस वर्षांत जीपचा एकही भाग चोरून बदलला नव्हता. प्रत्येकाची तारीख होती, किंमत होती. ही नोंद मात्र लिहिली तर दाजी गुन्हेगार, न लिहिली तर वही खोटी. दुरुस्ती म्हणते, इथे मोडलं होतं. ठोकलेला नंबर म्हणतो, काही झालंच नाही. ताईला जीप ओळखायला नंबर लागत नाही. तिला ती रात्र पुरते. नंबर असतो तो परक्या माणसासाठी, ज्याला ती रात्र ठाऊक नाही आणि ज्याला आपल्या शब्दावर पैसे मोजायचे आहेत. त्यालाच फसवायचं, तर मग नंबर हवाच कशाला! मेस्त्रींना हे पटलं असं नाही. त्यांचं म्हणणं, परका मनुष्य दिवाणखान्यापुढे जीप उभी करून फोटोच काढणार, त्याला काय फरक पडतो? तेही अगदीच खोटं नव्हतं.

निकाल ताईने दिला. “अहो, असल्या पैशाचे गुडघे घालून मी देवळाची पायरी कशी चढू?”

दाजींनी चासीला दोन्ही अंगांनी प्लेटा वेल्ड करून घेतल्या. त्यांवर काळा रंग न देता तांबडा रेड ऑक्साइड तसाच ठेवला, खाली वाकणाऱ्याला दिसावा म्हणून. पुण्याचे गृहस्थ आले, वाकले. दाजींनी त्यांना वही पहिल्या पानापासून वाचून दाखवायला घेतली. 1984च्या रेडिएटरपाशी त्यांना तातडीचा फोन आला.

ताईचा उजवा गुडघा झाला, डावा पुढच्या वर्षी. नव्या गुडघ्याने जीपमध्ये चढणं अवघड, म्हणून दाजी पायरी बसवायला निघाले होते. पण 52वं कलम आठवून थांबले. आता मागच्या बाजूला आंब्याच्या लाकडाचा एक पाट असतो. तो गाडीला जोडलेला नाही, नुसता ठेवलेला आहे. दाजी म्हणतात, हे सामान, भाग नव्हे. म्हणून वहीत नोंद नाही. ताईचं म्हणणं, तो तिच्या गुडघ्याचा भाग आहे.