संमतीचे मोल

मोठ्या प्रकल्पाच्या हजारो अटी आता संगणकातील नोंदप्रणालीत क्रमांकवार उतरविल्या जातात. आणि त्यांतील शेकडो एकदम निवडून, एकाच कळीने 'मंजूर' करण्याची सोयही तीत असते. मंजूर करणाराचे नाव व वेळ तेथे उमटते. त्याने वाचले की नाही, हे मात्र उमटत नाही. मग अशा संमतीला अर्थ कोणता?

सप्टेंबर १९९९ मध्ये नासाने मंगळाकडे धाडलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले. आवेगाचे आकडे न्यूटन-सेकंदांत द्यावेत, ही अट लेखी होती. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने ते पौंड-सेकंदांत दिले. फरक सुमारे ४.४५ पटींचा! अट होती, ती पाळली गेली की नाही, हे पुरेसे ताडून पाहिले गेले नव्हते.

सही करणारास मजकूर ठाऊक आहे, असे कायदा सामान्यतः गृहीत धरतो. नीतीला एवढे पुरत नाही. अटी हजार झाल्या म्हणून प्रत्येकीचे उत्तरदायित्व हजारांश होत नाही. यास्तव त्या जाणत्यांत वाटून द्याव्यात, आणि जेवढे तपासले तेवढ्यालाच संमती द्यावी. उरलेल्यापुढे 'अद्याप पाहिले नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही; सचोटी ती हीच.