वहीतल्या बायका

रेल्वेच्या नोकरीत बदलीचा कागद आला की आठ-पंधरा दिवसांत अख्खा संसार ट्रंकांत भरावा लागे. आत्याचे यजमान मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्यामुळे राजापूरची ही मुलगी लग्न होऊन आधी भुसावळला गेली, तिथून नागपूरला अजनीच्या क्वार्टर्समध्ये, मग सोलापूरला, मधली काही वर्षं इगतपुरीच्या पावसात आणि निवृत्ती जवळ आली तेव्हा कल्याणला. क्वार्टर सगळीकडे सारखंच. दोन खोल्या, काळ्या कडप्प्याचा ओटा, मागे मोरी. शेजार मात्र दर खेपेला नवा. एकाच नळावर खानदेशातली, बैतूलकडची, गुलबर्ग्याची अशा बायका हंडे लावून उभ्या असत.

नव्या गावी सामान लागायच्या आत शेजारून झाकलेलं ताट येई. भुसावळला त्यात भरीत आणि कळण्याची भाकरी होती, इगतपुरीला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. आत्याला तिच्या आईने एक गोष्ट पक्की शिकवून पाठवलं होतं: आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. म्हणून चार दिवसांनी घर लागलं की ते ताट घासूनपुसून, त्यात घावन नाहीतर उकडीचे मोदक ठेवून ती स्वतः परत द्यायला जाई. आणि त्यांच्या ओट्याशी उभी राहून विचारी, "ते परवाचं तुम्ही कसं केलं होतं हो?"

या विचारण्यातून वही झाली. वही म्हणजे रेल्वेचं जुनं, रकान्यांचं रजिस्टर. रकान्यांची पर्वा न करता आत्याने ते आडवंतिडवं भरलं होतं. भरिताचं पान असं होतं: "भुसावळ. समोरच्या क्वार्टरमधल्या वहिनी. यांचं माहेर यावल तालुक्यात, घरची वांगी. पांढरट हिरवी, लांबोडी, आत बी जवळजवळ नाही. पऱ्हाट्यांवर भाजतात, कारण कापूस वेचून झाला की शेतात तेच जळण. जाळ भडकतो, साल पटकन करपते, आतलं पाणी आटतं. भाजलेलं वांगं झाकून ठेवू नको म्हणाल्या, वाफेचं पाणी परत आत शिरतं. देठ वर धरून चाळणीत टेकवून ठेव. बी निघालं तर भरिताचा हट्ट सोड, रस्सा कर. यांच्या धाकट्या दिराला तिखट चालत नाही म्हणून अर्धी मिरची शेवटी वेगळी घालतात. मी यांना मोदकाची उकड शिकवली. पहिल्या खेपेला फाटली, दुसऱ्यांदा जमली."

सगळी पानं अशीच. कृती कमी आणि बाई जास्त.

आत्याची भाची पुण्यात. नोकरी करून घरी मनापासून स्वयंपाक करणारी आणि हाताला चव असलेली मुलगी. आत्याची पंचाहत्तरी जवळ आली तेव्हा तिला वाटलं, ही वही अशीच विरून जाण्याआधी तिचं पुस्तक करावं, घरातल्या प्रत्येकाच्या हाती एक प्रत द्यावी. पान उलटताना तुकडे पडत होते, तेलाच्या डागांखालची अक्षरं वाचवत नव्हती. तिने ते सगळं भिंग घेऊन उतरवून काढलं. ही मेहनत लहान नव्हती.

मग तिने मजकूर नीटनेटका करायला घेतला. 'मूठभर' होतं तिथे ग्रॅम आले, 'डोळ्यांना येईल इतकं तिखट' होतं तिथे चमचे आले. हे तिने योग्यच केलं असं मला वाटतं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी मराठी घरांतल्या कितीतरी नव्या सुनांना धीर दिला. आई किंवा सासू जवळ नसलेल्या मुलीला 'अंदाजे' या शब्दाचा काही उपयोग नसतो. माप हा मोठा आधार आहे.

पण माप बसवताना तिने बाकीचं काढून टाकलं. कुठल्या वहिनी, कुणाचं माहेर, कुणाचा दीर, कुणाला काय शिकवलं, हे सगळं तिला पाल्हाळ वाटलं. राहिलं ते साहित्य आणि कृती. पुस्तक देखणं झालं, पानाला एक पदार्थ, सोबत छायाचित्र.

पंचाहत्तरीचं जेवण भाचीने आपल्या घरी ठेवलं आणि बेतही त्याच पुस्तकातून धरला: खानदेशी भरीत, नागपुरी गोळाभात, सोलापुरी शेंगाचटणी, भाकरी, कढी. आदल्या रात्री सगळं मोजून ठेवलं. सकाळी पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून ती कामाला लागली आणि पुस्तकाबाहेर तिने काडीइतकंही केलं नाही.

अकरा वाजता आत्या आली, तेव्हा भाची परातीपुढे रडकुंडीला येऊन उभी होती. भरीत पाणी सुटून पातळ झालं होतं आणि दर घासाला दाताखाली बी येत होतं. मिक्सरमधून काढलेली शेंगाचटणी कोरडी भुकटी, चिमटीत धरली तर उडून जाईल अशी. गोळाभातातले गोळे शिजले होते, पण खाल्ले की घशाला कोरड पडत होती. बाहेरच्या खोलीत माणसं जमायला लागली होती.

"आत्या, मी सगळं तुझंच केलंय गं. एक चमचा इकडे-तिकडे नाही."

आत्याने पदर खोचला. "जुनी वही कुठाय?"

वही कपाटात होती, जपून कापडात गुंडाळलेली. आत्याने चष्मा लावला आणि ओट्याशी उभी राहून सोलापूरचं पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सोलापूर. मागच्या चाळीतल्या काकू. यांचे यजमान गिरणीत. डब्यात भाकरी आणि ही चटणी. वर घ्यायला तेल परवडत नसे, म्हणून दाणे उखळात इतके कुटायचे की दाण्यांचंच तेल सुटून चटणी ओली व्हावी. मुठीत दाबली की गोळा राहिला पाहिजे. हात दुखला म्हणून मी थांबले तर म्हणाल्या, अहो, आता कुठे सुरुवात झाली."

भाचीने पुस्तकात लिहिलं होतं, 'दाणे, लसूण, तिखट, मीठ एकत्र बारीक करावे.' त्यात चूक काहीच नव्हती. तिने माळ्यावरचा खलबत्ता काढला, भुकटी त्यात ओतली आणि घाव घालायला लागली. पाच मिनिटं काही झालं नाही. दहा मिनिटांनी खलाच्या कडेला चटणी काळपट लाल दिसायला लागली, बत्त्याला चिकटायला लागली. लसणीचा वासही बदलला, मघाशी तो नुसता झोंबत होता. तिने मुठीत दाबून पाहिली. गोळा बसला, तळहातावर तेलाचा डाग उमटला.

गोळाभाताचं पान अजनीचं होतं. शेजारच्या आजींकडे सासऱ्यांना दात नव्हते, आणि पंक्तीत त्यांच्यासाठी वेगळं काही करायचं नाही असा आजींचा बाणा. चणाडाळीची भरड कोरडीच, ती वाफेवर शिजते, म्हणून वाढताना गोळा भातात फोडायचा आणि त्यावर हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी सढळ हाताने ओतायची, सोबत पातळ कढी. भाचीने तब्येतीचा विचार करून चार चमचे तेलाचं एक चमचा केलं होतं. तेलाचं काम काय ते तिला माहीतच नव्हतं, तर ते कमी करावं की नाही हे ती कशावरून ठरवणार? आत्या म्हणाली, "तेल नको असेल तर नको घालू. कढी वाढव आणि भात जरा मऊ ठेव. गोळ्याला ओल हवी, ती कुठून का येईना." कढीत ताक वाढलं, पातेलं पुन्हा चढलं.

भरिताला मात्र इलाज नव्हता. बाजारातून आणलेली जांभळी, बियांची वांगी. आत्याने वहीतली ओळ बोटाने दाखवली: भरिताचा हट्ट सोड, रस्सा कर. मग त्याच वांग्यांचा दाण्याचं कूट आणि काळा मसाला घालून रस्सा झाला. पंक्तीत त्याला दोनदा मागणी आली.

रात्री पाहुणे गेल्यावर भाचीने पुस्तकाची एक प्रत आणि वही शेजारी-शेजारी ठेवली आणि काढून टाकलेल्या ओळी वाचत बसली. त्या बायकांनी केलेल्या प्रत्येक गोष्टीला एक अडचण चिकटलेली होती. जळण नाही, तेल नाही, दात नाहीत, दीर तिखट खात नाही. अडचण कळली की पदार्थात काय हलवलं तर चालेल आणि कशाला हात लावायचा नाही, हे आपोआप कळत होतं. आणि पानापानाच्या शेवटी ते देणंघेणं: मी यांना सोलकढी दिली, मी यांना घावन शिकवले, यांच्या मुलीच्या डोहाळजेवणाला खांडवी करून दिली.

"आत्या, भुसावळच्या त्या वहिनी अजून मोदक करत असतील?"

"त्यांच्या सुनेचा दर गणपतीला फोन येतो. यंदा तिने उकडीत तांदूळ कुठला घ्यावा ते विचारलं. तिकडे आपल्यासारखा चिकट तांदूळ मिळत नाही. मी म्हटलं, पिठी मळताना दूध घाल थोडं."

थंडी पडल्यावर भाची जळगावकडे गेली, त्या सुनेच्या शेतावर. तिथली भरिताची वांगी आता नावाजलेली आहेत, २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिला बघायचा होता तो जाळ. बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग पेटला, वांगी त्यावर पडली आणि बघता बघता काळी झाली. कोवळी, हिरवी साल टरारून फुटली की आतून फस्स करून वाफ बाहेर यायची. दोन माणसं काठ्यांनी ती उलटत होती, डोळे धुराने लाल. लाकडी बत्त्याने गर ठेचला गेला, त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण, वर तेलात परतलेले दाणे, मूठभर कांद्याची पात. पाणी टिपूसभर नाही. शेजारी तव्यावर कळण्याच्या भाकरी, ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेल्या. भाचीने विचारून विचारून त्या सूनबाईंना भंडावलं. पात आधी का नाही? भाकरीत उडीद कशाला? त्यांनीही कंटाळा न करता सांगितलं. पात शिजली की भरिताला ओल सुटते आणि ती गोडसर लागते. उडदाने भाकरीला चिकटपणा येतो, थापताना चिरत नाही, आणि थंडीत पोटाला आधार राहतो.

जेवणं झाली. सूनबाई हात पुसत समोर येऊन बसल्या. "आता तुम्ही काय देता सांगा. आमच्या सासूबाई म्हणायच्या, तुमची आत्या कधी फुकट काही लिहून घ्यायची नाही."

भाचीने क्षणभर विचार केला आणि सांगायला लागली. "सोलापूरला आत्याच्या मागच्या चाळीत एक काकू होत्या. यजमान गिरणीत. त्यांच्या घरी वर घ्यायला तेल नसायचं…"

सूनबाई मध्येच म्हणाल्या, "पण उखळ नाही आमच्याकडे. पाट्यावर होईल का?"

"होईल. पाणी मात्र लावू नका, आणि तेल सुटेपर्यंत वरवंटा थांबवू नका."