कितवा ठोका?

चिंचवडला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांच्या बातम्या आम्ही आमच्या घरात बसून ऐकायचो, इतका त्यांचा टीव्ही मोठा असायचा. काकूंची तक्रार मात्र टीव्हीची नव्हती. "ह्यांना ऐकू येतं हो सगळं, माझंच तेवढं ऐकायचं नसतं." त्यांच्या म्हणण्याला आधारही होता. रस्त्यावर ट्रक वळला तर काकांना आधी कळायचं. काकूंनी भाजीचे साठ रुपये झाले म्हणून सांगितलं की मात्र ते विचारायचे, "आठ?"

साठमधला नेमका 'स' कुठे गेला, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं. काकांनी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये पंचवीस वर्षं काढली होती.

कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडं असतात. त्यातलं शेवटचं, रिकिबीच्या आकाराचं, म्हणजे शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ते आतल्या द्रवाने भरलेल्या नळीला धक्के देतं. ही नळी गोगलगायीच्या शंखासारखी, अडीच वेढ्यांची. तिच्यात केसपेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. लाट आली की त्यांची टोकं वाकतात, आणि त्या वाकण्यातून मेंदूकडे संदेश जातो. तीक्ष्ण, उंच स्वर नळीच्या तोंडाशी ऐकले जातात, खर्जातले टोकाशी. गोंगाटाने आधी मरतात त्या तोंडाजवळच्या पेशी, ४ हजार हर्ट्‌झच्या आसपासच्या. म्हणून ट्रक शाबूत राहतो, आणि 'स', 'श', 'फ' जातात. स्वर ऐकू येतात, त्यामुळे कोणी बोलतंय हे कळतं. व्यंजनं गेल्यामुळे काय बोलतंय ते कळत नाही. घरच्यांना हा माणूस बेपर्वा वाटायला लागतो. पक्ष्यांच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात. आपल्या नाही.

कानाला बचाव नाही असंही नाही. मोठा आवाज झाला की आतला एक बारीक स्नायू ते रिकिबीचं हाड आवळून धरतो. पण त्याला काही शतांश सेकंद लागतात, आणि प्रेसचा ठोका तोवर आत पोचलेला असतो. शिफ्ट सुटल्यावर कानाला दडे बसतात, सकाळपर्यंत सुटतात. हे सुटणंच फसवं आहे. सकाळी सगळं ठीक आहे, म्हणजे काल काही झालं नाही, असा हिशोब कोणीही करेल.

आता खरा हिशोब. प्रेस मिनिटाला १५ ठोके मारते आणि दिवसाला ६ तास चालते असं धरू. दिवसाचे ५,४०० ठोके झाले. वर्षाला ३०० दिवस, पंचवीस वर्षं: चार कोटी पाच लाख. यातल्या कितव्या ठोक्याने काका बहिरे झाले?

प्रश्न खोडसाळ वाटेल, पण जबाबदारीचा सगळा घोळ तिथेच आहे. प्रेसमध्ये बोट गेलं तर तारीख असते, वेळ असते, रक्त असतं, त्या शिफ्टचा सुपरवायझर असतो. कानाच्या बाबतीत कोणताही एक ठोका निर्दोष सुटतो. इंग्लिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटने १९८४च्या पुस्तकात अशीच एक कोंडी मांडली होती: हजार जण प्रत्येकी बटण दाबून एखाद्याच्या वेदनेत कळणारही नाही एवढी भर घालतात, म्हणून प्रत्येक जण निष्पाप ठरतो का? पार्फिट नाही म्हणतो. माणसाने आपण सगळे मिळून काय करतोय ते पाहावं. थेंबे थेंबे तळं साचतं हे आपल्याला शाळेत शिकवलं, फक्त ते बचतीबद्दल होतं.

अज्ञान ही सबब तर चालणारच नाही. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने १८८६मध्ये बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासून ते पोस्टमनांच्या कानांशी ताडून पाहिले होते. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही गोंगाटामुळे येणारं बहिरेपण हा कळवण्याजोगा व्यावसायिक रोग म्हणून आला. आपल्याकडची मर्यादा ८ तासांसाठी ९० डेसिबल; ९५ असतील तर ४ तास. आवाजाची ऊर्जा ३ डेसिबलला दुप्पट होते, म्हणजे ५ डेसिबलला तिपटीहून जास्त, आणि वेळ फक्त निम्मा करायचा. आकडेमोडीत कुणाला तरी सूट मिळाली आहे, आणि ती कानाला नाही. अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेचा १९९८चा अंदाज आहे की ९० डेसिबलमध्ये नोकरीची ४० वर्षं काढणाऱ्या शंभरांतल्या २५ जणांना या कामामुळे बहिरेपण येतं. ८५ डेसिबलला ८ जणांना. म्हणजे ९० ही सुरक्षिततेची रेषा नव्हे, सौद्याची आहे. चारातला चौथा कोण, हे ठरलेलं नसतं म्हणून सौदा सभ्य वाटतो.

यावर एक उत्तर हमखास येतं: गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर हीच पोरं नाचतात, तेव्हा कुठे जातो कान? मला हे उत्तर अगदीच टाकाऊ वाटत नाही. पण डीजेसमोरून घरी निघून जाता येतं, आणि गेलं म्हणून महिन्याचा पगार कापला जात नाही.

दुसरं उत्तर जास्त अडचणीचं आहे, कारण ते खुद्द काकांचं होतं. इअरप्लग मिळत होते. ते खिशात असायचे. "डाय बिघडायला लागली की ठोक्याचा आवाज बदलतो. तो ऐकू नाही आला तर मी कसला ऑपरेटर?" कान हेच त्यांचं हत्यार होतं आणि तेच ते झिजवत होते. त्यांची संमती होती म्हणायची का? त्यांनी कसबाला होकार दिला होता, ते मला पटतं. काकूंचं बोलणं ऐकू न येण्याला दिला होता, हे पटत नाही. आणि काकूंना तर कोणी विचारलंच नव्हतं.

काकांचा पुतण्या गेल्या वर्षी चाकणला लागला, कंत्राटदाराकडून. सात महिन्यांनी कंपनी बदलते, प्रेस तीच. सुरुवातीला कान तपासून नोंद ठेवली नसेल तर पुढे नुकसान कोणत्या सात महिन्यांच्या खात्यावर टाकणार? मी त्याला विचारलं, भरतीच्या वेळी मेडिकल झालं का?

"झालं ना. वजन, बीपी, डोळे."

"आणि कान?"

"डॉक्टरांनी नाव विचारलं, मी सांगितलं. झालं."

काका शेजारीच बसले होते. त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय म्हणतोय हा?"