डीपीवरची पाळी

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात शेतीपंपाची थ्री फेज लाइट अनेकदा रात्री येते आणि मध्येच जाते. परत आली की मोटर चालू करायला उसाच्या कडेने जायचं कुणी? 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तिघांचा जीव घेतला. म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लागतो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण तो जिवाच्या भीतीने बसवलेला असतो.

अडचण पुढे आहे. लाइट येताच एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. मग ज्याला रात्री बाहेर पडायचं नव्हतं, तोच बॅटरी घेऊन डीपीपाशी फ्यूजची तार बांधायला जातो. तिथे बिबट्यापेक्षा वीज जवळ असते.

गावातही आपल्या सोयीतून असाच धोका उभा राहतो. लाइट गेली म्हणून दुकानाला चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर जोडला, तर त्याची वीज उलटी लाइनवर जाते. लाइन बंद आहे या भरवशावर वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या दुकानातला उजेड त्याच्या जिवावर उठू शकतो.

डीपीला आपण हात लावायचा नाही, तुटलेली तार लाइट गेली असली तरी जिवंतच समजायची, 1912 ला कळवायचं, हे नियम सगळ्यांना माहीत आहेत. मोडतात ते घाईपोटी.

खडकवासल्याच्या कालव्यावर दौंडने आणि चासकमानच्या कालव्यावर शिरूरने पाण्याची पाळी सांभाळली आहे, भांडत का होईना. डीपीवर मात्र पाळी कुणी लावली नाही. दिवसा वीज देणं हे सरकारचं काम; मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं वचनही तेच आहे, आणि ते मागत राहिलंच पाहिजे. पण तोवर एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसावं, ऑटो स्विच काढावेत, कपॅसिटर बसवावेत, कुणाची मोटर कधी ते ठरवावं आणि रात्री जोडीनेच निघावं. एवढ्यासाठी कुठल्याही कार्यालयाची मंजुरी लागत नाही.