जंतांचा जीव, पिलाचा जीव

जैन श्रावकाच्या घरात कुत्र्याच्या पिलाला जंतांचं औषध द्यावं का? आमच्या शिरोळ तालुक्यात हा प्रश्न कुणी बस्तीत, म्हणजे मंदिरात, उभं राहून विचारणार नाही, घरात मात्र तो उठतो. आमच्याकडं तो आत्तींनी विचारला. परसातल्या काळू या पिलाची शी डांबरासारखी काळी, चिकट होत होती, मधेच ताज्या रक्ताची रेघ. जनावरांच्या डॉक्टरांनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, अंकुशकृमींची अंडी दिसली, औषध लिहून दिलं. आत्ती म्हणाल्या, "औषधानं किडं मरत्यात नव्हं? मग त्येंचा जीव न्हाई व्हय?"

मी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. आमच्या शास्त्रात कृमी हा द्वींद्रिय जीव आहे. स्पर्श आणि चव त्याला कळते. कुत्रं पंचेंद्रिय, शिवाय मन असलेलं. म्हणून पिलू मोठं आणि कृमी लहान, असा हिशेब मांडून मोकळं होता येईल असं वाटतं. पण अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त ही वाट आधीच बंद केली आहे. एका हिंस्र जीवाला मारल्यानं पुष्कळांचं रक्षण होतं, असं मानूनसुद्धा मारू नये, असं ते सांगतात. इथं तर उलटंच आहे, एकासाठी पुष्कळ मारायचे. "वाचवण्यासाठी मारलं" हे समर्थन माझ्या हातात उरत नाही.

काहीजण म्हणतात, ही विरोधी हिंसा. हल्ला परतवणं गृहस्थाला क्षम्य आहे. मला ते पटत नाही. अंकुशकृमी लहान आतड्याच्या भिंतीला तोंडानं धरून रक्त पितो, जागा बदलतो, आणि सोडलेल्या जागेतून रक्त झिरपत राहतं. त्यात वैर कुठं आहे? पिलाला तो बहुधा आईच्या दुधातूनच आलेला असतो. दुसरे म्हणतात, पायरँटेल या जंतांच्या औषधानं कृमी फक्त लुळा पडतो, पकड सुटून बाहेर येतो, आपण त्याला मारत नाही. बाहेर पडून तो जगणार आहे का? पळवाटेनं मन स्वच्छ होत नाही.

तरीही मी औषध दिलं. तत्त्वार्थसूत्रानं हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, आधी धरलं आहे, जीव जाण्याला नंतर. घरी आणलेल्या पिलाच्या हिरड्या पांढऱ्या पडताना बघत, माझे हात स्वच्छ आहेत म्हणत बसणं, हा मला सगळ्यात मोठा प्रमाद वाटतो. लहान पिलू या रक्तस्रावानं मरू शकतं. दोन्हीकडं हिंसा आहे; मी एक निवडली आणि तिला हिंसाच म्हणते.

पण निवडण्याआधी पाहावं लागतं, आणि तिथंच आपण कमी पडतो. शीमध्ये रक्त दिसलं की नाक मुरडून राख टाकायची, विषय संपला. सम्यग्दर्शनाच्या निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न करण्याच्या, अंगासाठी उद्दायन राजाची कथा सांगतात. कुष्ठी मुनीचं रूप घेऊन आलेल्या देवानं अंगावर ओकारी केली, तरी राजानं किळस न करता त्याची सेवा केली. ही कथा मी लहानपणापासून ऐकते, आणि तिचा उपयोग मला परसातच कळतो. किळस बाजूला ठेवल्याशिवाय रंग कळत नाही. काळं, डांबरी रक्त वरच्या आतड्यातून किंवा जठरातून आलेलं असतं, लाल रक्त बहुधा खालच्या आतड्यातून. लस न दिलेलं पिलू उलट्या करतंय, रक्ताची पातळ, उग्र वासाची हगवण आहे, जेवत नाही, तर तो पार्व्हो असू शकतो. हा विषाणू 1978 मध्ये ओळखला गेला. तो आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा दोन्हींवर घाला घालतो. तिथं जंताचं औषध पुरत नाही, सलाईन लागतं, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी तर कधीच देऊ नये. तिनंच जठरात जखमा होऊन रक्त येतं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुनींच्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावधपणाच्या नियमांपैकी, पाचवी, उत्सर्ग समिती, मलमूत्र कुठं आणि कसं टाकावं याचीच आहे. जीवजंतू नसलेली जागा पाहून टाकावं. अंकुशकृमीची अंडी ओल्या, उबदार मातीत फुटतात आणि आठवड्याभरात अळ्या नव्या कुत्र्यात शिरायला तयार होतात. अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या तळपायातही त्या शिरतात, वेडीवाकडी खाजरी रेघ उठते. चातुर्मासात आमचं परस म्हणजे त्यांना हवं तसंच. रोजच्या रोज शी उचलली, तर पुढं मारावे लागतील असे जीव तिथं जन्मालाच येत नाहीत. औषधापेक्षा ही खरी अहिंसा, आणि ती फावड्यानं करायची असते. आत्तींना हे लगेच पटलं. सकाळचं ते काम आता त्याच आठवणीनं करवून घेतात.

दुसरा डोस दोन आठवड्यांनी द्यायचा होता. पहिल्या डोसातून वाचलेल्या अळ्या तोवर वाढून आतड्यात येतात. तो दिवस नेमका दशलक्षण पर्वात आला. आत्ती म्हणाल्या, पर्व संपू दे. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पिलाच्या अंगात अजून रक्त भरलेलं नाही, लांबवू नका. मी त्याच दिवशी डोस दिला आणि संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले. आत्तीही शेजारी येऊन बसल्या.