इरिडियमचा हिशेब

चि. ओजस,


हरित हायड्रोजनमध्येच पुढे काम करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण पत्रात तू सगळं गणित ऊन आणि पाणी एवढ्यावरच मांडलं आहेस. त्यात धातूंचं खातं राहून गेलंय, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

पाण्यातून विजेने हायड्रोजन काढणाऱ्या तुझ्या आवडीच्या पीईएम (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन) इलेक्ट्रोलायझरच्या पोटात एक पातळ पटल असतं, दोन्ही बाजूंनी काळ्या शाईसारखा उत्प्रेरकाचा थर फासलेलं. ऋणाग्राकडे प्लॅटिनम, तिथे हायड्रोजन सुटतो; धनाग्राकडे इरिडियम, तिथे ऑक्सिजन. खरी कसोटी धनाग्रावर लागते. पटल तीव्र आम्लधर्मी, त्यात दोन व्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब. निकेल आणि लोखंड तिथे विरघळून जातात. रुथेनियम इरिडियमपेक्षा चपळ, पण लवकर झिजतं. खुद्द प्लॅटिनमवर ऑक्साइड चढतं आणि ते मंदावतं. चौरस सेंटिमीटरला एक-दोन मिलिग्रॅम इरिडियम मात्र हे सगळं सोसून वर्षानुवर्षं काम करतं.

मिलिग्रॅम ऐकून निर्धास्त होऊ नकोस. जगात वर्षाला इरिडियम निघतं सात-आठ टनांच्या आसपास. आजच्या रचनेत एका गिगावॅटला ढोबळमानाने ४०० किलो धर. म्हणजे जगातलं वर्षभराचं सगळं इरिडियम याच कामाला लावलं, तरी जेमतेम २० गिगावॅट. आपल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं आहे. तेवढ्या एकट्यासाठीच याहून बरीच जास्त क्षमता लागेल.

तू म्हणशील, खाणी वाढवाव्यात. पण इरिडियमची वेगळी खाण नसतेच. ते बहुतांश दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड भागातून, प्लॅटिनमच्या मागोमाग येतं. तिथला टनभर खडक फोडला की प्लॅटिनम गटातले सगळे धातू मिळून काही ग्रॅम हाती लागतात आणि त्यात इरिडियमचा वाटा अगदी किरकोळ. त्यामुळे भाव चढला म्हणून उत्पादन वाढत नाही. २०२० च्या सुरुवातीला औंसाला १,५०० डॉलरच्या आसपास असलेलं इरिडियम २०२१ मध्ये ६,००० च्या वर गेलं, तरी त्याच्यासाठी कुणी नवी खाण खणली नाही.

यातली खरी गाठ पुढे आहे आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. प्लॅटिनम आणि त्याच्या भावंडांचा मोठा खप गाड्यांच्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये होतो. बॅटरीच्या गाड्या वाढल्या की हा खप घटणार, खाणी परवडेनाशा होणार, आणि त्यांच्यामागे येणारं इरिडियमही आटणार. एक स्वच्छ तंत्र दुसऱ्याचा कच्चा माल असा तोडू शकतं. उलट हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलला प्लॅटिनम लागतं, तो खप वाढला तर खाणींना आधार मिळेल. मला तरी फ्युएल सेल आणि इलेक्ट्रोलायझर हे दोन्ही एकत्र वाढावेत असंच वाटतं.

आणि त्या खाणींत माणसं आहेत, हे विसरू नकोस. १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकाना इथल्या प्लॅटिनम खाणीत पगारवाढीसाठी संपावर असलेल्या ३४ कामगारांना पोलिसांच्या गोळीबारात जीव गमवावा लागला. या हायड्रोजनला स्वच्छ म्हणताना मला ते आठवतात.

दुसरी वाटही आहे. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर निकेलवर चालतो, त्याला मौल्यवान धातू लागत नाही. पंजाबातल्या नांगलच्या खत कारखान्यात साठच्या दशकात भाक्राच्या विजेवर याच पद्धतीने हायड्रोजन काढत. मात्र वाऱ्या-उन्हाच्या विजेचे झपाट्याने होणारे चढउतार पीईएम जास्त सहज पेलतं, म्हणून इरिडियमचा प्रश्न टाळता येत नाही.

प्रोजेक्टसाठी विषय विचारला होतास. वापरून झालेल्या पटलांतून इरिडियम परत काढण्याचं काम घे. ती पटलं फ्लोरिनयुक्त असतात. जाळली तर विषारी हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, आणि इरिडियमचं ऑक्साइड अम्लराजातही सहजी विरघळत नाही. पटल न जाळता त्यावरचा थर सुटा करता येतो का, तिथून सुरुवात कर. दिवाळीला येशील तेव्हा तुझी वही घेऊन ये, बसून बघू.

तुझी,
आत्या